हिरवा जाळ अन् कापलेली केबल: पोरांसाठी फॉरेन्सिक रहस्यकथा लिहायची कशी

पोरांसाठी रहस्यकथा म्हटलं की लिहिणारा डायरेक्ट वाड्यात घुसतो. तळघर, हिऱ्याचा हार, पुण्याहून सुट्टीत आलेला हुशार मामा, अन् शेवटच्या पानावर मामा सगळं सांगून मोकळा. त्यात फॉरेन्सिक, म्हणजे गुन्ह्याचा विज्ञानानं तपास, टाकायचं ठरवलं तर एक पांढरा कोटवाला येतो, मशीनमध्ये केस टाकतो अन् पाच मिनिटात चोराचा फोटो स्क्रीनवर. आता सांगा, यात वाचणाऱ्या पोट्ट्याला डोकं चालवायला जागा कुठे ठेवली?

माझ्या मते फॉरेन्सिकचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गाव ज्याच्यावर बोट दाखवून राहिलं त्या माणसाला सोडवणं, चोर सापडणं मागून येते. डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे रक्त-थुंकीतल्या डीएनएवरून माणूस ओळखणं, अलेक जेफ्रीज यांनी इंग्लंडमध्ये लेस्टरला १९८४ मध्ये शोधलं, अन् त्याचा पोलीस तपासात पहिला मोठा वापर झाला तेव्हा काय झालं माहीत आहे का, १७ वर्षांच्या एका पोरानं गुन्हा कबूल केला होता, पोलीस खूष होते, पण डीएनएनं सांगितलं की हा तो नाहीच. पोरगा सुटला, खरा गुन्हेगार नंतर सापडला. (ती केस पोरांना सांगण्यासारखी नाही, फार भयंकर आहे, पण लिहिणाऱ्यानं डोक्यात ठेवावी.) गोष्ट या अंगानं बांधली तर पोरांना भीतीपेक्षा न्यायाची ओढ लागते, अन् ती जास्त वेळ टिकते.

आता कामाला लागू. पूर्ण लेखात मी एकच गोष्ट घेऊन चालतो म्हणजे समजायला सोपं जाईल. जागा: वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा, अमरावती जिल्हा. गुन्हा: विहिरीवरच्या मोटरची केबल चोरी.

पायरी १: आधी वय, मग गुन्हा

८ ते १० वर्षांच्या पोरांसाठी मुडदा आणूच नका. चोरी, खोटी चिठ्ठी, हरवलेली शेळी, शाळेच्या सोलरची गायब झालेली बॅटरी, एवढं पुरते. ११ ते १४ ला जनावराचा मृत्यू चालतो, उदाहरणार्थ रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या करंटनं वाघ मेला अन् कोणाचं कुंपण ते कोणी कबूल करत नाही. ताडोबाच्या आसपासच्या पोरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. माणसाचा खून टाकायचाच असेल तर १४ च्या वरच, अन् तिथंही रक्ताचं वर्णन आवरतं घ्या.

केबल काहून निवडली? कारण गावातल्या प्रत्येक घराला तिची किंमत माहीत आहे. सबमर्सिबलची तीन कोरची फ्लॅट केबल चोरीला गेली की ओलित थांबते, संत्र्याचा बहार धोक्यात येतो, म्हणजे गोष्टीत घाई आपोआप येते, तुम्हाला ओढूनताणून सस्पेन्स आणावा लागत नाही.

पायरी २: एकच खूण धरा, अन् ती विचित्र पाहिजे

फ्रान्सच्या लिऑन शहरात १९१० मध्ये एडमंड लोकार्ड या माणसानं पोलिसांसाठी छोटी लॅब सुरू केली. त्याचा सिद्धांत सगळ्या फॉरेन्सिकचा पाया आहे: दोन वस्तू एकमेकांना लागल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर जातेच. पोरांना हे सांगायला लॅब लागत नाही. काळ्या वावरातून आलेल्या माणसाची चप्पल अन् मुरमाच्या रस्त्यानं आलेल्याची चप्पल पाहा म्हणा.

पण नवीन लिहिणारे काय करतात, पहिल्याच कथेत ठसे, केस, माती, शाई, डीएनए सगळंच कोंबतात. नका करू. एक खूण मुख्य, दुसरी तिला टेकू, बास.

आपल्या गोष्टीची मुख्य खूण म्हणजे हिरवा जाळ. नाल्याच्या पल्याड रात्री हिरवा-निळा जाळ दिसला अन् एका आजीनं तो पाहिला. सकाळपर्यंत गावभर भुताची बातमी. आता विज्ञान असं आहे की चोरलेल्या केबलवरचं प्लास्टिक काढायला चोर ती जाळतात, केबलवरचं आवरण पीव्हीसी असते, पीव्हीसीत क्लोरीन असते, अन् गरम तांब्याला क्लोरीन भेटलं की ज्योत हिरवी होते. याच गोष्टीवर बाइलश्टाइन नावाच्या केमिस्टनं १८७२ मध्ये टेस्ट काढली, तांब्याच्या तारेवर पदार्थ घेऊन ज्योतीत धरायचा, हिरवी झाली तर क्लोरीनसारखं काहीतरी असण्याची शक्यता. म्हणजे आजीचं भूत खोटं नव्हतं, फक्त तिनं भूत नाही, तांबं जळताना पाहिलं. मला हे फार आवडते कारण इथं अडाणी म्हणून कोणाला हसावं लागत नाही, आजी या केसची सगळ्यात चांगली साक्षीदार ठरते.

पायरी ३: त्याच खुणेचा दुसरा अर्थही शोधा

ही पायरी बहुतेक जण सोडतात अन् मग गोष्ट सपाट होते. हिरवी ज्योत फक्त केबलनंच येते का? नाही ना. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद अन् चुना असते, अन् मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. मोरचुदाची रिकामी पोती कोणी जाळली तरी जाळ हिरवा दिसू शकतो! म्हणजे ज्याच्या बागेत मोरचूद आहे तो प्रत्येक जण एकतर संशयित झाला किंवा त्याला साधं कारण मिळालं. वाचणारं पोरगं इथं थांबून विचार करते.

मग फरक कसा कळणार? राखेवरून. पोतं जळलं तर पोत्याची राख, धागे. केबल जळली तर काळं चिकटून घट्ट झालेलं प्लास्टिकचं ढेकूळ अन् त्यात राहून गेलेले तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर राख वाहून जाईल पण तार राहील, हे तुम्ही प्लॉटसाठी वापरू शकता.

पायरी ४: जे लिहिणार ते आधी हातानं करून पाहा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. अन् आधी एक गोष्ट लाल पेनानं लिहून ठेवा: केबल किंवा प्लास्टिक जाळून पाहायचं नाही, पोरांना तर सांगायचंच नाही. पीव्हीसीचा धूर विषारी असते. कथेत हिरवी ज्योत दाखवायची असेल तर विज्ञानाचे सर शाळेत चिमूटभर मोरचूद घेऊन दाखवतात असं लिहा, अन् मोरचूद हाताला-तोंडाला लागू द्यायचं नाही हे सरांच्या तोंडी टाका. बाकीचे प्रयोग घरी होतात.

*अवजाराची खूण.* पकड घ्या अन् अंगाच्या साबणात दाबा. धार कुठे तुटलेली असेल, खड्डा पडलेला असेल तर साबणावर बरोबर तीच रेघ उमटते. दुसरी पकड दाबा, फरक दिसते. लॅबमधले लोक शिशासारख्या मऊ धातूवर कापून पाहतात अन् दोन्ही खुणा कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली बाजूबाजूला लावतात. आपल्या गोष्टीत विहिरीपाशी उरलेल्या केबलच्या तुकड्यावर प्रत्येक कापाच्या जागी एक बारीक उंच रेघ आहे, म्हणजे चोराच्या पकडीच्या धारेला एक दात्रा, म्हणजे खड्डा, आहे. हा आपला टेकू.

*पायाचा ठसा.* प्लास्टर ऑफ पॅरिस हार्डवेअरच्या दुकानात मिळते. साधारण दोन वाट्या पावडरीला एक वाटी पाणी, भज्याच्या पिठापेक्षा थोडं पातळ, ठशाच्या कडेनं हळूच सोडायचं, मधोमध ओतलं तर ठसा मोडते. अर्ध्या तासानं उचला. करून पाहिलं की एक गोष्ट कळते जी कुठल्या पुस्तकात वाचून कळत नाही: आपली काळी माती वाळून भेगाळली की तिच्यावर ठसाच उमटत नाही, अन् पावसात इतकी चिकटते की पाय उचलला की ठसा पायासोबतच वर येते. चांगला ठसा मिळते तो पाऊस उघडून माती अर्धी वाळल्यावर. म्हणजे तुमच्या गोष्टीचा महिना तुमचा पुरावा ठरवते. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत गोष्ट घडत असेल तर हिशोब वेगळा, तिथल्या पोरांना कन्हार अन् बरडी जमिनीतला फरक तुमच्याहून जास्त कळते, म्हणून तिथं राहून आल्याशिवाय लिहू नका. पावलाची लांबी साधारण उंचीच्या १५ टक्के असते, म्हणजे २४ सेंटीमीटरचं पाऊल असलं की माणूस १६० सेंटीमीटरच्या आसपास. पण आसपासच हां. अन् हा अनवाणी पायाचा हिशोब, चप्पल पायापेक्षा मोठी असते.

मातीची एक खरी केस सांगतो, वयानुसार सौम्य करून वापरा. जर्मनीत १९०८ मध्ये जॉर्ज पॉप या केमिस्टनं एका संशयिताच्या बुटाखालच्या मातीचे थर सुटे केले, कोणता थर आधी लागला अन् कोणता नंतर, त्यावरून तो माणूस कोणत्या रस्त्यानं कुठे कुठे गेला ते सांगितलं. आपल्याकडच्या बंडीच्या चाकावर हे किती भारी जमेल विचार करा, आधी काळी माती, वरून नाल्याची रेती, त्यावर मुरूम.

*हळद-चुना.* देवळाच्या पायरीवर लाल डाग, गावात करणीची चर्चा. पोरगी त्यावर लिंबू पिळते, डाग पिवळा होते. हळदीत चुना किंवा साबण गेला की ती लाल होते अन् आंबट पडलं की परत पिवळी. रक्त असं करत नाही. ही आयडिया वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवा, ८-९ वर्षांच्या पोरांना एकदम फिट बसते, अन् महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे हे पण गोष्टीत सहज येऊन जाते.

*बोटांचे ठसे.* पेन्सिलच्या शिशाची भुकटी, मऊ ब्रश, सेलोटेप. स्टीलच्या ताटावर, काचेवर मस्त निघतात. शेणानं सारवलेल्या जमिनीवर, मातीच्या भिंतीवर, खडबडीत लाकडावर असं काही निघत नाही, तरी कथांमध्ये लोक तिथूनच ठसे काढून राहिले. अन् ठसा कधी उमटला ते ठशावरून खात्रीनं सांगता येत नाही. स्टार्टरच्या पेटीवर मालकाच्या पुतण्याचा ठसा सापडला तर त्याचा अर्थ काय? काहीच नाही, तो रोज मोटर चालू करते. बाकी हा आपल्या देशाचा अभिमानाचा विषय आहे, जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं अन् ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझिझुल हक अन् हेमचंद्र बोस या दोघांची मेहनत होती, नाव मात्र साहेबाचं झालं, हेन्री सिस्टीम. पोरांना हे सांगितलं की त्यांना राग येते, येऊ द्या.

*शाई.* खोट्या चिठ्ठीची गोष्ट असेल तर काळ्या स्केचपेनचा ठिपका गाळण कागदावर ठेवून कागदाचं टोक पाण्यात बुडवा, काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग सुटतात. बॉलपेनची शाई पाण्यात हलत नाही, तिला स्पिरिट लागते. एवढं तपासून घ्या, नाहीतर पाचवीतलं पोरगं करून पाहील अन् तुम्हाला खोटं पाडेल.

पायरी ५: शेवटाकडून सुरुवातीकडे बांधा

वहीच्या एका पानावर चोरानं खरंच काय काय केलं ते तासावारी लिहा. हे पान वाचकाला दिसणार नाही, पण हेच नसलं तर गोष्ट मधातच लंगडते.

आपल्या चोराचं पान असं: वावरातली थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. चालू लाईनवर केबल कापणारा मरेल, म्हणून त्यानं लाईन नसतानाची रात्र निवडली. म्हणजे त्याला या आठवड्याचं वेळापत्रक माहीत होतं. बाहेरचा भुरटा चोर इथंच गळला. पकड घरची नेली. धुऱ्यानं (बांधावरून) गेला, कारण पांदणीत चिखल होता. नाल्यात केबल जाळली. तांबं पोत्यात भरून सकाळी तालुक्याला भंगारात विकलं. आजी पहाटे उठते ते त्याला माहीत नव्हतं.

आता या पानावरून उलटं या: कोणती खूण कुठे राहिली, कोणाला आधी दिसली, कोणी पुसली. खुणा सापडायचा क्रम अन् त्या घडायचा क्रम वेगळा ठेवा. पोरांना आधी राख सापडते, मग केबलचा तुकडा, अन् लाईनचं वेळापत्रक डोळ्यासमोर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पहिल्या पानापासून चिकटवलेलं असते.

पायरी ६: गावाचं बोट कोणाकडे?

गावात चोरी झाली की बोट कुठे जाते ते आपल्याला माहीत आहे. सालदाराकडे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याकडे, नाहीतर गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्यांकडे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का सरकारी कागदावरून १९५२ मध्ये गेला पण गावाच्या डोक्यातून गेला का? म्हणून माझी विनंतीवजा अट आहे, तुमच्या गोष्टीतला चोर अशा वस्तीतला नको. संशयित जरूर ठेवा, अन् पुराव्यानं सोडवा.

आपल्या गोष्टीत बोट सालदाराकडे आहे, त्याची पोरगी सातवीत आहे अन् तीच तपास करते. तिच्या बापाची पकड साबणात दाबली, रेघ आली नाही. लगेच बाप सुटला? नाही! त्याच्याकडे दुसरी पकड असू शकते, असं वर्गातला एखादा शहाणा पोरगा म्हणायलाच पाहिजे. पकडीनं पकड सुटते, माणूस सुटत नाही. मग ती दुसरा पुरावा शोधते: त्या रात्री बाप दुसऱ्या गावच्या वावरात ओलितावर होता, तिथं लाईन रात्रीची होती, अन् त्याच्यासोबत दोघं होते. चोर निघते मालकाचा पुतण्या, मोबाईल गेममध्ये पैसे हरलेला. त्याला राक्षस करू नका, बारा भानगडीत अडकलेला पोरगा आहे तो.

इथं चीनमधली एक जुनी केस उपयोगी पडते. १२४७ सालच्या सोंग त्सी या न्यायाधिकाऱ्याच्या ग्रंथात आहे: विळ्यानं झालेल्या खुनात गावातल्या सगळ्यांचे विळे उन्हात मांडायला लावले, अन् रक्ताच्या वासानं एकाच विळ्यावर माशा बसल्या. आपल्या सातवीच्या पोरीला सर ही गोष्ट सांगतात अन् तिला सुचते की गावातल्या सगळ्याच पकडी तपासू, फक्त बापाची काहून? सगळ्यांना एक माप.

पायरी ७: पोलीस अन् लॅब खरी दाखवा

गावात पहिल्यांदा पोलीस पाटील येईल, मग बीट जमादार, मोठं काही असलं तर ठाणेदार. पंचनामा दोन पंचांसमोर होते. वस्तू सील होतात, सह्या होतात, मग नागपूर किंवा अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, अन् रिपोर्टला वेळ लागते. रक्ताचा, थुंकीचा डाग असलेली वस्तू आधी वाळवून कागदी पाकिटात ठेवतात, ओली वस्तू प्लास्टिकच्या पन्नीत कोंबली की बुरशी येते अन् डीएनए खराब होते. आगीची राख, ज्यात पेट्रोल-डिझेल असायची शंका आहे, ती मात्र हवाबंद डब्यात, कारण वास उडून जाते.

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर जायचं आहे, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत. पण वावरातली साधी चोरी तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत येते. म्हणजे केबलसाठी फॉरेन्सिकची गाडी येईलच असं नाही, अन् हेच तुमच्या गोष्टीला बळ देते! पोरांनी काहून तपास केला याचं खरं कारण तुम्हाला मिळालं.

पोरांच्या हातून पुरावा उचलवू नका. तुमची नायिका हात लावत नाही, बाजूला दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढते (२७ मिलिमीटर रुंद असते, मापाला पुरते), वहीत नकाशा काढते, वेळ लिहिते, अन् पोलीस पाटलाला बोलावून आणते.

पायरी ८: बोलणं

विज्ञान समजावणारा परिच्छेद तीन ओळींच्या वर गेला की पोरगं पान उलटते. बोलण्यातून येऊ द्या:

"आजी, जाळ कसा होता वो?"
"हिरवा होता बाप्पा. मोरपिसावानी."
"अन् वास?"
"वास? थांब... प्लास्टिकचा येत होता. म्या म्हटलं भुताले कायचा आला प्लास्टिकचा वास."

चार ओळीत खूण आली, शंका आली, अन् आजी हुशार ठरली. निवेदन साध्या मराठीत ठेवा, बोली संवादात. सगळंच वऱ्हाडीत लिहिलं तर सांगलीच्या पोराला अडकते, सगळंच पुस्तकी केलं तर आपलं पोरगं म्हणते हे आपल्या गावचं नाही.

पायरी ९: पोट्ट्यांवर तपासा

पाच-सहा पोरं बसवा अन् चोर कळायच्या आधीच्या पानावर वाचन थांबवा. कोण वाटते ते प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला लावा, कारणासकट. सगळ्यांनी पुतण्या लिहिला तर खुणा फार उघड्या आहेत, मोरचुदाचा मुद्दा वाढवा. कोणीच लिहिला नाही तर वेळापत्रक कमी दिसून राहिलं, आणखी एकदा दाखवा. निम्म्यांच्या आसपास बरोबर आले अन् कारणंही बरोबर असली तर गोष्ट तयार आहे. कारण चुकीचं अन् नाव बरोबर, तो अंदाज समजा, मोजू नका.

मग किशोर मासिकासारख्या ठिकाणी पाठवताना सोबत कोणते प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहिले तेवढी एक ओळ लिहा, अन् केबल न जाळायची सूचना गोष्टीच्या आत आहे की नाही ते पाकीट बंद करायच्या आधी परत एकदा पाहून घ्या.